डॉक्सचा मेन्यू नेमका कुणासाठी लावायचा?

समजा, कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या खजिनदार काकू रविवारी सकाळी लॅपटॉप उघडून बसल्या आहेत. मेंटेनन्सची बिलं काढायला सोसायटीनं नवं सॉफ्टवेअर घेतलंय. बी विंगमधल्या एका सभासदानं चुकून दोनदा पैसे भरलेत आणि ती जादा रक्कम त्याच्या पुढच्या बिलात वळती करायची आहे. काकू सॉफ्टवेअरच्या मदतीच्या वेबसाइटवर जातात. डावीकडे मेन्यू दिसतो: ओळख, कोअर इंजिन, लेजर मॉड्यूल, नोटिफिकेशन सर्व्हिस, इंटिग्रेशन्स, प्रगत, इतर.

आता यात क्लिक कुठे करायचं?

काकूंना हवी ती माहिती या सातांपैकी एकाखाली आहे, आणि ती चांगली लिहिलेलीही आहे. पण ‘लेजर मॉड्यूल’ हा शब्द त्यांच्या डोक्यात कधी आलेलाच नाही. दोन-तीन ठिकाणी डोकावून त्या सपोर्टला फोन लावतात. (रविवारी सपोर्ट बंद असतो, तो विषय वेगळा.)

सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन, थोडक्यात डॉक्स, म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं. डॉक्स म्हटलं की सगळं लक्ष लिहिण्याकडे जातं. भाषा सोपी हवी, स्क्रीनशॉट ताजे हवेत, वगैरे. ते खरंच आहे. पण पानं पन्नासच्या पुढे गेली की अडचण लिखाणात राहत नाही, मांडणीत येते. कुठलं पान कुठल्या मथळ्याखाली, मथळ्याला नाव काय, कुणाच्या आधी कोण, हे सगळं मिळून नेव्हिगेशन होतं. आणि ते बहुतेक ठिकाणी कुणी ठरवलेलंच नसतं, साचत गेलेलं असतं.

ते कसं साचतं हे बघण्यासारखं आहे. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञानं १९६८ साली एक निरीक्षण मांडलं, ते आज त्याच्याच नावानं ओळखलं जातं: एखादी संस्था जी प्रणाली बनवते, तिच्या रचनेत त्या संस्थेतल्या लोकांच्या आपसातल्या संवादाची रचना उमटते. डॉक्सच्या मेन्यूत तर हे उघड्या डोळ्यांना दिसतं. आपलं हे काल्पनिक सॉफ्टवेअर हिंजवडीत बनतंय असं धरू. हिशोबाचा भाग एका टीमकडे, एसएमएस आणि ईमेल दुसऱ्या टीमकडे, पेमेंट गेटवे तिसरीकडे. प्रत्येक टीम आपापल्या फोल्डरमध्ये आपापली पानं लिहिते, आणि फोल्डरचं नाव मेन्यूत जसंच्या तसं उतरतं. काकूंना जो दिसतो तो मेन्यू नव्हेच, तो कंपनीतल्या खुर्च्यांचा नकाशा आहे.

डॉक्स बनवायची साधनंही यात हातभार लावतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या डॉक्ससाठी घडवलेलं आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्फिंक्स घ्या, एमकेडॉक्स घ्या, नाहीतर फेसबुकनं २०१७ मध्ये आणलेलं डॉक्युसॉरस. मेन्यू हातानं लिहायची सोय तिन्हींत आहे. स्फिंक्समध्ये पानांची अनुक्रमणिका आपण स्वतः देतो, एमकेडॉक्समध्ये सेटिंगच्या फाइलीत यादी लिहितो, डॉक्युसॉरसमध्ये साइडबारची, म्हणजे बाजूच्या मेन्यूची, वेगळी फाइल असते. पण एमकेडॉक्समध्ये यादी दिली नाही, किंवा डॉक्युसॉरसला ‘तूच बनव’ म्हणून सांगितलं, तर फोल्डरांवरून मेन्यू आपोआप तयार होतो. पहिल्या आठवड्यात ही सोय फार गोड वाटते. माझं मत स्पष्ट आहे: वीसपेक्षा जास्त पानं असतील तर मेन्यू हातानं लिहावा. एक पान वाढलं की कुणाला तरी थांबून ‘हे कुठे बसतं?’ असा विचार करावा लागतो, आणि तो विचार टळू नये यासाठीच हा खटाटोप. स्फिंक्स या बाबतीत मास्तरासारखं कडक आहे. एखादं पान कुठल्याच अनुक्रमणिकेत नसेल तर ते इशारा देतं. असली पोरकी पानं बाकी साधनांतही दर महिन्याला शोधायला हवीत.

मग मेन्यू लावायचा कशाच्या आधारावर? इथे डॉक्सच्या जगातली सगळ्यात उपयोगी कल्पना येते. २००५ मध्ये आलेल्या जँगो या वेब फ्रेमवर्कच्या (म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सांगाड्याच्या) डॉक्समध्ये पानांचे चार प्रकार केलेले आहेत, आणि कुठल्या प्रकारात काय मिळेल हे पहिल्याच पानावर सांगितलंय. डानिएले प्रोचिदा यांनी याच धर्तीवर एक नीट पद्धत मांडली, तिला डायाटॅक्सिस म्हणतात. तिचं सार असं की वाचक डॉक्सकडे चार वेगवेगळ्या मनःस्थितींत येतो आणि प्रत्येक वेळी त्याला वेगळ्या जातीचं लिखाण लागतं.

आपल्या सॉफ्टवेअरवर हे लावून बघू. नव्या सचिवाला सॉफ्टवेअर कसं चालतं याचा हात बसवायचा आहे. त्याला शिकवणी हवी: एक खोटी सोसायटी तयार करा, तिच्यात चार फ्लॅट घाला, पहिलं बिल काढा. वाटेत पर्याय नकोत, फाटे नकोत. खजिनदार काकूंना काम उरकायचं आहे, म्हणून त्यांना कृती हवी: जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलात कशी वळवायची, पाच पायऱ्या, संपलं. सोसायटीचं ॲप बनवून देणाऱ्या बाणेरच्या डेव्हलपरला बिलाच्या एपीआयमध्ये (दोन सॉफ्टवेअर ज्या ठरलेल्या रीतीनं एकमेकांशी बोलतात तिच्यात) कुठलं फील्ड सक्तीचं आहे एवढंच बघायचंय. त्याला संदर्भ हवा, कोरडा, काटेकोर आणि पूर्ण. आणि सोसायटीचे लेखापरीक्षक विचारतात, थकबाकीवरचं व्याज सॉफ्टवेअर कुठल्या तारखेपासून धरतं आणि का? त्यांना विवेचन हवं.

डॉक्समधला निम्मा गोंधळ या चार जाती एकाच पानावर कोंबल्यानं होतो. कृतीच्या तिसऱ्या पायरीनंतर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक समजावणारे तीन परिच्छेद आले, की काकूंचं बोट हरवतं. ते परिच्छेद वेगळ्या पानावर न्यावेत आणि तिथे लिंक द्यावी.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पुढची पायरी मात्र हमखास घसरते. लोक उत्साहानं मेन्यूचे चार कप्पे करतात: शिकवणी, मार्गदर्शिका (म्हणजे कृती), संदर्भ, संकल्पना (म्हणजे विवेचन). मग आहेत ती पानं त्यांत वाटून टाकतात आणि रिकाम्या राहिलेल्या कप्प्यात ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी लावतात. असे रिकामे चार कप्पे आधी करू नका, हे खुद्द प्रोचिदांनीच बजावून ठेवलंय. चार जाती लिहिणाऱ्याच्या कामाच्या आहेत. आपलं काम ‘मार्गदर्शिके’त मोडतं की ‘संकल्पने’त, हे काकूंना का माहीत असावं? त्यांना ‘बिलं’, ‘पावत्या’, ‘थकबाकी’ हे कळतं.

म्हणून पहिली फाळणी वाचकाच्या कामावर करावी आणि लिखाणाची जात त्याच्या आत ठेवावी. आपल्या सॉफ्टवेअरच्या मेन्यूत वरच्या पातळीला सुरुवात, बिलं, पैसे जमा करणे, थकबाकी, सभासदांची नोंद, हिशोब आणि ऑडिट, डेव्हलपरसाठी, एवढं पुरतं. ‘थकबाकी’ उघडली की आधी रोजच्या कृती, शेवटी एखादं विवेचनाचं पान. डेव्हलपरचा भाग पूर्ण वेगळा, कारण तो माणूसच वेगळा. त्याला सचिवांच्या गर्दीतून वाट काढायला लावू नये, आणि काकूंना एपीआयचं तोंडही दिसू नये. याला अपवाद आहे. पायथनच्या डॉक्समध्ये ट्युटोरियल, लायब्ररी रेफरन्स, लँग्वेज रेफरन्स अशी विभागणी वरच्याच पातळीवर आहे आणि ती चालते. तिथला वाचक प्रोग्रॅमर असतो, आणि रेफरन्स म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं.

मथळ्यांच्या नावांवर जरा थांबू, कारण सगळ्यात स्वस्तात होणारी सुधारणा इथेच आहे. पुण्यात बुधवार पेठ हे नाव ऐकून तिथे काय मिळतं हे नवख्याला कळणार नाही. वायरी आणि दिवे हवे असले की लोक तपकीर गल्ली विचारतात, शाळेची पुस्तकं हवी असली की अप्पा बळवंत चौक. (तपकीर गल्लीत तपकीर मागू नये एवढं पथ्य पाळायचं.) पेठांना वारांची नावं देणाऱ्याची एक सोय होती, पत्ता विचारणाऱ्याची वेगळी. मेन्यूत ‘सामान्य’, ‘प्रगत’, ‘इतर’ ही वारांची नावं आहेत. ‘प्रगत’ म्हणजे कुणाच्या मानानं प्रगत? ‘इतर’ म्हणजे ज्या पानाचं काय करायचं ते ठरलं नाही, ते. ‘नेहमीचे प्रश्न’ हा विभागही बहुतेक ठिकाणी बेघर पानांचं वसतिगृह झालेला असतो. प्रश्न खरंच नेहमीचा असेल तर त्याचं उत्तर मूळ पानावरच असायला हवं.

नाव ठरवायची रीत साधी आहे. सपोर्टला आलेले ईमेल आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज काढा आणि लोक कुठला शब्द वापरतात ते बघा. लोक ‘क्रेडिट नोट’ म्हणत नाहीत, ‘जास्तीचे पैसे’ म्हणतात. मग पानाचा मथळा ‘जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळवणे’ असाच हवा. क्रेडिट नोट हा शब्द आतल्या मजकुरात येऊ दे, म्हणजे सर्चला सापडेल. एक पथ्य मात्र कडक: स्क्रीनवरच्या बटणाचं नाव जे असेल तेच डॉक्समध्ये. बटणावर ‘ॲडजस्ट’ आहे तर आपण तिथे हौसेनं ‘समायोजित करा’ लिहायचं नाही.

या कामात मराठीची ठेवण आपल्या बाजूनं आहे. इंग्रजी डॉक्समध्ये मथळे आज्ञार्थी क्रियापदानं सुरू करायची पद्धत आहे, त्यामुळे साइडबारमध्ये एकाखाली एक दहा ओळी त्याच शब्दानं सुरू होतात आणि वेगळेपण ओळीच्या शेवटी ढकललं जातं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. ‘पावती रद्द करणे’, ‘पावती पुन्हा छापणे’, ‘नोटीस पाठवणे’. डोळा साइडबारवरून खाली सरकताना ओळीचे पहिले एक-दोन शब्दच टिपतो, आणि नेमके तेच कामाचे असतात.

एका मथळ्याखाली किती नोंदी चालतात, यावर मीटिंगा रंगतात आणि कुणीतरी ठामपणे म्हणतं, सात. हा आकडा जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ च्या निबंधातून आलाय. पण मिलर बोलत होता ते माणूस एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवू शकतो यावर. मेन्यू पाठ करायचा नसतो, तो डोळ्यांसमोर असतो. बारा नोंदी असल्या पण प्रत्येकीचं नाव स्वच्छ असलं तर काही बिघडत नाही. खरा त्रास खोलीचा. तीन पातळ्यांपेक्षा आत गेलं की वाचकाला आपण कुठून आलो ते आठवत नाही. सातच्या हट्टापायी नोंदी पोटमथळ्यांत लपवण्यापेक्षा लांब पण सपाट यादी मला केव्हाही चालेल.

क्रमाचंही बघायला हवं. शिकवणीत क्रम शिकण्याचा, कृतींत कामाच्या वारंवारतेचा किंवा घडण्याचा (आधी बिल, मग पावती, मग थकबाकी), संदर्भात अक्षरानुक्रम. आणि अक्षरानुक्रमात मराठीवाल्यांसाठी एक खड्डा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरलेला असतो. संगणकाला फक्त त्या आकड्यांवरून क्रम लावायला सांगितलं तर ‘ॲ’ थेट ‘ह’च्याही पुढे जाऊन बसतो, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, बाकीच्यांच्या बरंच मागून आलं आणि त्याला जागा शेवटी मिळाली. मग ‘ॲडमिन’ आणि ‘ॲप’ यादीच्या तळाला. ‘ळ’ उलट ‘ल’ला चिकटतो, वर्णमालेत तो ‘ह’नंतर असला तरी. ब्राउझरमध्ये मराठीच्या नियमांनी क्रम लावायची सोय तयार असते, ती फक्त आठवणीनं वापरावी लागते.

आता एक जुना पेच. थकबाकीवरच्या व्याजाचं पान कुठे ठेवायचं? ‘बिलं’मध्ये, कारण व्याज बिलावर लागतं. ‘थकबाकी’त, कारण त्याचंच व्याज. ‘हिशोबा’त, कारण ते उत्पन्न आहे. ग्रंथालयवाल्यांना हा पेच फार आधी पडला. मेल्विल ड्युईनं १८७६ मध्ये दशांश पद्धतीनं प्रत्येक पुस्तकाला ज्ञानाच्या झाडावर एकेक फांदी दिली. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडताना म्हटलं की एकाच विषयाला अनेक पैलू असतात, तेव्हा पैलू आधी सुटे करा आणि मग जोडा. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा, १९३१ चा. डॉक्सपुरता याचा व्यवहारी अर्थ असा की साइडबारमध्ये पानाचं घर एकच, पण इतर दोन ठिकाणच्या पानांवरून त्याच्याकडे लिंक. तेच पान मेन्यूत तीन ठिकाणी टांगलं तर ‘तुम्ही इथे आहात’ हे दाखवताना मेन्यू स्वतःच गोंधळतो. घर कुठलं हे अडलं तर वाचकांनाच विचारावं.

ते विचारायच्या दोन जुन्या, जवळजवळ फुकट रीती आहेत. पहिली, कार्डांची. प्रत्येक पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहा, पाच-सात वापरणाऱ्यांना एकेकटं बसवा आणि म्हणा, तुम्हाला वाटतील तसे गठ्ठे करा, गठ्ठ्यांना नावं द्या. वापरणारे, ऑफिसमधले नव्हेत. गठ्ठ्यांपेक्षा ते करताना होणारी कुरकुर जास्त कामाची असते: ‘हे दोन्हीकडे जाईल हो’, ‘हे काय आहे?’ दुसरी रीत उलटी. मेन्यू ठरला की त्याचे नुसते मथळे कागदावर घ्या. रंग नाही, डिझाइन नाही, सर्च नाही. एक काम द्या आणि बोट ठेवायला सांगा. याला ट्री टेस्टिंग म्हणतात. यातली गोम कामाच्या वाक्यात असते. ‘जादा रक्कम वळती करणे कुठे सापडेल?’ असं विचारलं आणि मेन्यूत तेच शब्द असले तर ती फक्त शब्दांची जुळणी झाली. विचारायचं असं: ‘बी विंगच्या काकांनी जीपे केलं आणि त्याच महिन्याचा चेकही दिला. तुम्ही आता काय उघडाल?’ पहिलं बोट कुठे जातं ते टिपा. तिघांचं बोट त्याच चुकीच्या मथळ्यावर गेलं तर पान तिकडे हलवा किंवा मथळा बदला. समजावत बसू नका, कारण वेबसाइटवर समजावायला आपण नसतो.

एवढं सगळं करूनही बहुतेक वाचक पुढच्या दारानं येत नाहीत. ते गूगलवरून थेट आतल्या एखाद्या पानावर उतरतात, मुखपृष्ठ न बघता. म्हणजे हव्या त्या पानापर्यंत नेणं हे मेन्यूचं दुय्यम काम झालं. मुख्य काम, उतरलेल्याला भोवताल दाखवणं. पानाच्या वर ‘थकबाकी › व्याज › दर बदलणे’ अशी वाट लिहिलेली हवी, साइडबारमध्ये चालू पान ठळक हवं, आणि त्याच विभागातली शेजारची पानं उघडी दिसायला हवीत. मोबाइलवर साइडबार तीन रेघांमागे लपतो, तेव्हा ही वरची वाट तेवढी हाती उरते. ती काढून टाकणाऱ्या डिझाइनरशी भांडावं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी चालू पानाची खूण नुसती रंगानं करून भागत नाही, ती कोडमध्येही द्यावी लागते. आणि ‘मागचं-पुढचं पान’ ही बटणं शिकवणीतच ठेवावीत. संदर्भाच्या पानांना पुढचं-मागचं असं काही नसतंच.

सर्च असला की मेन्यू कशाला, असं विचारणारे भेटतात. वेब सुलभतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांतही पानापर्यंत पोचायच्या एकाहून अधिक वाटा असाव्यात अशी अट आहे, आणि ती शहाणपणाची आहे. मराठी डॉक्समध्ये तर नुसत्या सर्चवर विसंबणं धाडसाचंच. कुणी ‘बील’ लिहितं, कुणी ‘बिल’. ‘ॲप’मधला पहिला वर्ण कुणी एका अक्षरानं टाइप करतं, कुणी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखंच, सर्चला मात्र दोन वेगळे शब्द. निम्मे लोक तर रोमन लिपीतच टाइप करतात. समानार्थी शब्दांची यादी सर्चला हातानं भरवावी लागते, आणि ती भरायला सगळ्यात चांगला कच्चा माल म्हणजे ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर मिळालेल्या शोधांची नोंद. ती नोंद मेन्यूसाठीही वाचावी. लोक एखादी गोष्ट पुन्हापुन्हा शोधत असतील तर एकतर ते पानच नाही, किंवा मेन्यूत ते भलत्या नावानं बसलंय.

सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या वाढल्या की आणखी एक पदर येतो. पायथन २ ची मुदत १ जानेवारी २०२० ला संपली, तरी त्याची डॉक्स अजून वेबवर आहेत आणि कुणीतरी त्यांवर जाऊन पडतंच. जुन्या आवृत्तीच्या प्रत्येक पानावर ‘हे जुनं आहे’ अशी पट्टी हवी आणि तिच्यातली लिंक नव्या आवृत्तीतल्या त्याच पानावर न्यायला हवी. मुखपृष्ठावर नेणारी लिंक म्हणजे वाचकाला परत रांगेच्या टोकाला उभं करणं. आपल्या सोसायटी-सॉफ्टवेअरसारखं सगळ्यांना एकच आवृत्ती मिळत असेल, तर ही भानगड अंगाला लावूनच घेऊ नये.

आणि मेन्यू बदलायचं ठरलं, तर पत्त्यांचं काय? वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. पान मेन्यूत हललं म्हणून त्याचा वेब-पत्ता बदलायचं कारण नाही. फोल्डरवरून पत्ता ठरत असेल तर तो वेगळा देण्याची सोय साधनात बहुधा असते. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावायचं, सर्व्हरच्या भाषेत ३०१. ही वळणांची यादी पानं हलवायच्या आधी करायची, कारण नंतर जुने पत्ते कुणालाच आठवत नाहीत. एकावेळी एकच विभाग हलवावा आणि पुढचे काही आठवडे ‘पान सापडलं नाही’ची नोंद रोज चाळावी. तिच्यात जे पत्ते सारखे वर येतात, ते बहुधा कुठल्यातरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून ठेवलेले असतात. तिथला मेसेज आपल्याला बदलता येत नाही, वळण तेवढं लावता येतं.